तू चालताना गेली नाहीस

ताई,

सगळ्यात आधी एक गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे पुढे कोणी काही बोललं तर कागद पुढे करता येईल. तू चालताना गेली नाहीस. रविवारी दुपारी, नवव्या मजल्यावरच्या तुझ्या घरात, पंख्याखालच्या खुर्चीत बसून तू मटार सोलत होतीस. भावोजी समोर पेपर वाचत होते. तू म्हणालीस, "ह्या वेळचे दाणे गोड आहेत हो," आणि चार दाणे त्यांच्या हातावर ठेवलेस. त्यांनी ते खाल्ले, मान हलवली, पान उलटलं आणि वर बघितलं तर तू नव्हतीस. एवढंच झालं. त्यात चढ नव्हता, धाप नव्हती, बूट नव्हते.

पण बूट दाराबाहेर होते, तिथे घोटाळा झाला. सकाळी फिरून आल्यावर तू ते नेहमीसारखे वाऱ्याला ठेवले होतेस आणि भेटायला आलेल्या प्रत्येकाला तू दिसायच्या आधी ते दिसले. संध्याकाळपर्यंत बातमी तळमजल्यावर पोचली होती की बाई फिरायला गेली आणि तिथेच कोसळली. तिसऱ्या दिवशी तुला पाण्याच्या टाकीपाशी पडताना प्रत्यक्ष बघणारा एक माणूससुद्धा निघाला. मी मुद्दाम जाऊन भेटलो त्याला. तो त्या रविवारी साताऱ्याला होता.

"बारीक व्हायच्या नादात गेली बिचारी." हे वाक्य मी तेरा दिवसांत इतक्या तोंडांतून ऐकलं की शेवटी कोण बोललं हे बघणंही सोडून दिलं. तू बारीक कधी झाली नाहीस, हे मान्य. पण बिचारी? बालवाडीच्या चाळीस पोरांना नुसत्या भुवईने गप्प करणारी बाई बिचारी?

रागावू नकोस, मी लिहिताना थोडा वाहवत जाणार आहे. घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे आणि तुला माहीत आहे, मी कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगतो, समोरच्याची गाडी चुकत असली तरी.

आपल्या घरात शरीराबद्दल एकच गोष्ट कळायची, वजन. बाबांची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी घाटकोपरच्या आपल्या चाळीत तळमजल्यावर धान्याचं दुकान टाकलं आणि पोती तोलायचा तो लोखंडी काटा घरात आला. दसऱ्याला त्याची पूजा. झेंडूची माळ घालून झाली की बाबा आपल्याला एकेक करून त्यावर उभं करायचे आणि आकडा मोठ्याने पुकारायचे. गेल्या वर्षीपेक्षा ज्याचं वजन सगळ्यात जास्त वाढलं त्याला सोनं पहिलं. लोकांकडे पोरांचे मार्क वाचून दाखवतात, आपल्याकडे किलो. कोकणातून अर्धपोटी आलेल्या माणसाला तो आकडा पुकारताना काय वाटत असेल, हे आता मला थोडं कळतं. मी लागोपाठ सात वर्षं पहिलं सोनं घेतलं. त्यानंतर आयुष्यात कशातच पहिला आलो नाही.

मग चाळ पाडली, टॉवर उभा राहिला, दुकान गेलं आणि लिफ्ट आली. तुझ्या सासरची चाळही त्याच जागेत होती, म्हणून तू नवव्या मजल्यावर आणि मी चौथ्या. रोज शंभर वेळा जिने चढणारं आपलं खानदान बटण दाबायला लागलं आणि बघता बघता आडवं वाढलं. काटा गेला अप्पाकाकांकडे. बाबांच्या मागे तेच घरातले मोठे, वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने मात्र उदबत्ती. दसऱ्याचं वजन त्यांनी चालू ठेवलं, फक्त उलटं केलं. आता ज्याचं वाढलं त्याची फजिती. पण काटा तोच होता गं. आई बावन्नाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेली, त्याच्या आदल्या दसऱ्याला बाबांनी तिचा आकडा पुकारून म्हटलं होतं, "एकदम बरोबर!" हे आपल्यापैकी कोणालाही कधी खटकलं नाही.

तुला खटकलं. तीन वर्षांपूर्वी तुझा बीपी चढा राहायला लागला, साखर वाढली, तेव्हा तू त्या हृदयाच्या डॉक्टर मॅडमकडे गेलीस आणि मला बरोबर नेलंस. का, तर मी 'सायन्सवाला'. विक्रोळीच्या शाळेत प्रयोगशाळेतल्या बाटल्या पुसणाऱ्या माणसाला आख्ख्या जगात सायन्सवाला म्हणणारी तू एकटीच होतीस.

मॅडमकडे एक तपासणी होती, सगळीकडे होत नाही म्हणे. हाताला पट्टा बांधून करकचून फुगवायचा, पाच मिनिटं रक्त अडवायचं आणि मग एकदम सोडून द्यायचं. रक्ताचा लोंढा येतो. धडधाकट धमनी त्या लोंढ्याला वाट द्यायला रुंद होते आणि ते पडद्यावर दिसतं. तुझी धमनी जेमतेम हलली. मी पडद्याकडे बघत होतो, तू माझ्या तोंडाकडे.

मॅडम म्हणाल्या, "आतलं अस्तर सुस्तावलंय. वजन उतरलं तर छानच, पण त्याच्यावर अडून बसू नका. रोज चाला. चाललात की रक्त जोरात धावतं, अस्तरावरून घासत जातं, त्याने ते जागं व्हायला लागतं. काटा हलला नाही तरी."

परत येताना रिक्षात तू मला ते बालवाडीच्या भाषेत समजावलंस. "हे बघ, बाक आहे. चार पोरी ऐसपैस बसल्यात, ढिम्म हलत नाहीत. नवीन मुलगी आली की बाई सांगतात, सरका गं जरा. रोज सांगितलं की सवय होते. मग नवीन मुलगी दारात दिसली की आपणहून सरकतात."

"आणि बाकच मोडका असेल तर?" मी म्हटलं. "तीस वर्षं बर्नरच्या रबरी नळ्या सांभाळतोय मी. एकदा ताठरली की ताठरली. गरम पाण्यात घाल, ग्लिसरीन लाव, दोन दिवस मऊ, मग चर्र. फेकूनच द्यावी लागते."

"मग मला कशात टाकणार? ओल्या कचऱ्यात की सुक्या?"

रिक्षावाला हसला. मीही हसलो. तू हसली नाहीस. म्हणालीस, "तुझी नळी मेलेली असते रे. मी जिवंत आहे." हा आपला वाद तीन वर्षं चालला आणि अर्धाच राहिला.

पहिल्या दिवशी तू पिठाच्या चक्कीपर्यंत पोचलीस आणि तिथल्या पायरीवर बसलीस. मी चौथ्या मजल्याच्या खिडकीतून बघत होतो, हातात चहा. समोरच्या इमारतीतल्या हंसाबेन तुझ्या बरोबर होत्या, त्याही तुझ्याच मापाच्या. दोघी चढावरून उतरलात तेव्हा कोपऱ्यावरचा रिक्षावाला म्हणाला, "मावशी, बसा ना, कशाला त्रास घेता?" तू म्हणालीस, "आम्हा दोघींना घेऊन तुझी रिक्षा हा चढ चढली ना, तर उद्यापासून बसते." दुसऱ्या दिवशीपासून तो तुला सलाम करायला लागला. चक्की, मग शाळेची भिंत, मग मारुतीचं देऊळ, आणि तीन महिन्यांनी टाकी. त्या दिवशी मला टाकीपाशी उभ्या तुम्हा दोघींचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'सरकल्या पोरी.'

सहा महिन्यांनी दसरा आला. तू काट्यावर चढलीस, नव्या साडीत, आणि तुझ्या तोंडावर ते होतं, जे पेपर चांगला गेलेल्या मुलीच्या तोंडावर असतं. अप्पाकाकांनी आकडा पुकारला. गेल्या वर्षीपेक्षा अर्धा किलो जास्त. काका म्हणाले, "इतक्या चालान काय गावला गे तुका?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण अशा वेळी पुढचं वाक्य माझं असतं. मी ते टाकलं. म्हटलं, "भूक गावली, काका." घर हसून लोळलं. मग हशा चालू आहे तोवर आणखी एक ठेवून दिलं, "खरंच ताई, काय उपयोग?"

ते वाक्य माझं आहे. 'काय उपयोग' हे आज सगळी माणसं बोलतायत, पण पहिल्यांदा ते माझ्या तोंडून निघालं, हेही ह्या कागदावर राहू दे.

पुढच्याच आठवड्यात मॅडमनी तुझी तीच तपासणी पुन्हा केली. तू एकटी गेलीस, मला विचारलंही नाहीस. संध्याकाळी येऊन माझ्या दारात उभी राहिलीस. "उघडली," म्हणालीस. मला वाटलं दार. "धमनी रे! पहिल्यापेक्षा किती तरी जास्त उघडली. मॅडम म्हणाल्या, एका माणसावरून मोठं काही बोलत नाही मी, पण तुमची उघडली."

आणि मी काय म्हणालो? "मशीनचा फरक असेल."

तू मग म्हणालीस, "तुला ना, मी बरी झालेली चालेल, पण तू चुकलेला चालणार नाही." आणि लिफ्ट सोडून जिन्याने वर गेलीस, पाच मजले, माझ्या नाकावर टिच्चून.

त्यानंतर तू काट्यावर चढली नाहीस. पुढच्या दसऱ्याला अप्पाकाकांनी तुझं नाव पुकारलं, तू आपट्याचं पान त्यांच्या हातात ठेवलंस, वाकून नमस्कार केलास आणि म्हणालीस, "काका, ह्याला पोतं कळतं. मी पोतं नाही." कोणी हसलं नाही. तुझी मृणाल तेवढी आईकडे बघत राहिली. एकोणतीस वर्षांची पोर, पवईच्या ऑफिसात दिवसाचे दहा तास खुर्चीत, अंगाने तुझ्यासारखीच, आणि दर दसऱ्याला काहीतरी निमित्त काढून उशिरा येणारी. पुढच्या सोमवारपासून ती तुझ्याबरोबर चालायला लागली.

तुला आठवतं, गेल्या उन्हाळ्यात दोन दिवस लिफ्ट बंद होती? मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो, एखाद्या पडीक पुतळ्यासारखा. तू बालवाडीतून आलीस, पिशव्या उचलल्यास, चौथ्यावर ठेवल्यास, तशीच नवव्यावर गेलीस आणि माझ्यासाठी पाण्याची बाटली घेऊन परत खाली आलीस. आई जितकी जगली त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी होतीस तू त्या दिवशी. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "वजन किती आता?" असा भाऊ कोणाला देऊ नये देवाने. तू म्हणालीस, "ऊठ, मी मागून ढकलते."

आता गुरुवारचं. हे मला टाळायचं होतं. तीन वेळा मी ह्या जागी येऊन चहा करायला उठलो.

रविवारच्या आधीचा गुरुवार. तू आणि मी लिफ्टमध्ये. तू म्हणालीस, "अरे, दोन दिवस झाले, चढावर अर्ध्यात आलं की इथे खांद्यांच्या मधोमध जळजळतं. थांबलं की जातं. काय असेल?" तू विचारत होतीस, ताई. बोलता बोलता सहज निघालेलं ते वाक्य नव्हतं. तू तुझ्या सायन्सवाल्याला विचारत होतीस.

मी म्हणालो, "हंसाबेनकडचा फाफडा असेल, अजून खाली उतरला नसेल."

तू हसलीस. चौथा मजला आला. मी उतरलो.

तू गेल्यावर आठव्या दिवशी मी मॅडमकडे गेलो. विचारलं, "चालण्यामुळे झालं का?" खोटं कशाला सांगू, मला 'हो' ऐकायचं होतं. 'हो' म्हणाल्या असत्या तर मी सुटलो असतो. मग मी त्यांना गुरुवारचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "धमन्यांमध्ये हे वीस-पंचवीस वर्षं साचत येतं. तीन वर्षांच्या चालण्याने सगळं धुऊन निघेल असं मी कधी सांगितलं नव्हतं. पण ज्या चढाला तुम्ही दोष देताय ना, त्यानेच सांगितलं होतं. खुर्चीत बसून असत्या तर इतके दिवस आधी कळलंही नसतं. मी त्यांना बजावलं होतं, चालताना छातीत, पाठीत, जबड्यात काही झालं तर थांबायचं आणि त्याच दिवशी यायचं."

"त्या दिवशी आली असती तर वाचली असती?"

"कदाचित. नक्की नाही सांगू शकत."

त्या 'कदाचित'ला मी घरी घेऊन आलो. तेव्हापासून ते माझ्याकडे राहतंय.

आणि हे ऐक, आता तरी ऐक. मी हरलो. जिवंत नळी मऊ होते. मशीनचा फरक नव्हता. हे तीन वर्षांत एकदा म्हटलं असतं तर माझं काय जात होतं?

तेराव्याला सगळे जमले. जेवणं व्हायची होती. अप्पाकाका तुझ्या फोटोसमोर उभे राहिले, टोपी नीट केली, हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. गाऱ्हाणं काही अशा वेळी घालायचं नसतं, पण काकांना देवाशी मोठ्याने बोलायला मिळालं की ते वेळ बघत नाहीत. तुला माहीतच आहे, एकाने देवाला सांगायचं आणि बाकीच्यांनी एका सुरात 'व्हय महाराजा' म्हणायचं. त्यात विचार करायचा नसतो, तोंड आपोआप उघडतं.

"बा देवा महाराजा, ह्या आमच्या लेकीची काय चूकभूल झाली असात ती पदरात घे रे, महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"मागे रवलेल्यांका सुखात ठेव रे, महाराजा!"

"व्हय महाराजा!" मीही म्हटलं. जोरात म्हटलं.

"आणि ह्या चेडवाच्या, मृणालच्या, डोक्यातला चालण्याचा खूळ काढून टाक. ज्या वाटेन आवस गेली ती वाट तिका नको. आजपासून तिचा चालणा बंद होवंदे रे, महाराजा!"

मृणाल फोटोजवळ बसली होती. मान खाली. तिने हात जोडलेले होते आणि मला दिसलं, पोरीचे ओठ हलत होते. ती 'व्हय' म्हणणार होती, ताई. तुझ्या फोटोसमोर, घरच्या सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून. एकदा ती तसं म्हणाली असती तर पुढची तीस वर्षं ते मोडलं नसतं तिने. आपल्याकडची माणसं डॉक्टरला फसवतील, गाऱ्हाण्याला नाही.

"नाय महाराजा!"

कोण ओरडलं हे मलाही क्षणभर कळलं नाही. आवाज फाटका होता. मग सगळे माझ्याकडे वळले, तेव्हा कळलं. काहींच्या तोंडावर हसू तयार होतं, कारण मी बोललो म्हणजे विनोद असणार.

अप्पाकाका म्हणाले, "काय रे, शुद्धीत आहेस मा?"

"आहे काका. पहिल्यांदाच आहे. ताई चालताना गेली नाही. बसून मटार सोलत होती, भावोजींना विचारा." भावोजींनी मान हलवली आणि पुन्हा खाली घातली. "आणि चालण्याने गेली नाही. चढावर तिच्या पाठीत जळजळत होतं. तिने गुरुवारी मला सांगितलं होतं, लिफ्टमध्ये. मी फाफड्याचा विनोद केला आणि उतरलो. तुम्हाला देवाकडे काही मागायचंच असेल तर माझी जीभ ताब्यात ठेव म्हणून मागा. मृणालचं चालणं बंद कर म्हणून मागू नका."

आतून खीर करपल्याचा वास आला, तरी कोणी उठलं नाही.

मृणालने वर बघितलं. मला वाटलं, आता येऊन गळ्यात पडेल, मामा म्हणून. माझ्या गोष्टींमध्ये असंच होतं. ती म्हणाली, "गुरुवारी? तुला गुरुवारी माहीत होतं?"

"हो."

"आणि आम्हाला नाही सांगितलंस?"

"मला वाटलं नाही तेव्हा..."

"तीन वर्षं ती ह्या बिल्डिंगमधून खाली उतरत होती, मामा. तुझ्या खिडकीखालून जायची. एक दिवस तरी गेलास तिच्याबरोबर?"

"नाही."

"मग तू बोलूच नकोस." ती उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. अप्पाकाकांनी गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडलं. खीर फेकून द्यावी लागली.

बरोबर बोलली. तुझीच पोर. मी एकावन्न वर्षांचा, पाच फूट चार इंच उंच आणि जवळपास तेवढाच रुंद, तुझ्या चालण्याची बाजू घेऊन भाषण ठोकत होतो आणि दूध आणायला लिफ्टने जात होतो. सोमवारी मी मॅडमकडे गेलो. म्हटलं, तपासून घ्या, मला चालायचंय. त्यांनी कार्डिओग्राम काढला, ट्रेडमिलवर पळवलं, गोळी लिहून दिली, आणि मी विचारलं म्हणून तो हाताचा पट्टाही बांधला. पडद्यावर माझी धमनी. तुझ्या पहिल्या वेळेपेक्षा ढिम्म. मॅडम म्हणाल्या, "काय म्हणता?" मी म्हटलं, "पोरी सरकत नाहीयेत." त्यांना काही कळलं नाही. मला बाहेर येऊन बाकावर थोडा वेळ बसावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी खाली उतरलो. शाळेच्या पीटीची पांढरी पॅन्ट, कमरेला नाडी, वर तुझ्या भाच्याचा कुठल्याशा कॉलेज फेस्टिवलचा टी-शर्ट, जो माझ्या पोटावर येऊन थांबतो. हंसाबेन उभ्या होत्या. तुझ्यानंतर त्या एकट्याच चालत होत्या, हे मला माहीतसुद्धा नव्हतं. मला खालून वर बघून म्हणाल्या, "तुमी? बरा केला. हळू चाला, पण रोज चाला." आणि पुढे म्हणाल्या, "माझ्या फाफडाला कशाला बदनाम केला, भाई?" तेराव्याची बातमी समोरच्या इमारतीत पोचली होती. मी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "चला."

मी चक्कीपर्यंतसुद्धा गेलो नाही. तिच्या दोन दुकानं अलीकडे भिंतीला टेकलो. तोंडातून अशी शिट्टी वाजत होती की एक कुत्रं उठून माझ्याकडे बघायला लागलं. ताई, हे तू केलंस? त्या वयात, त्या साखरेवर, खिडकीतून बघणारा भाऊ डोक्यावर घेऊन? मला वाटायचं, चालणं म्हणजे काय, पाय पुढे टाकायचे. मी तुला कधी शाबास म्हटलं नाही, कारण मला कळलंच नव्हतं की तू काहीतरी करतेयस.

मृणाल येत नव्हती. रोज खाली उतरलो की वर नवव्या मजल्याकडे बघायचो, खिडकी बंद. मी हाक मारली नाही, मेसेज टाकला नाही, एकही गमतीचा फोटो पाठवला नाही. माझ्यासारख्या माणसाला हे चालण्यापेक्षा जड गेलं, खरं सांगतो. अप्पाकाका लिफ्टमध्ये भेटायचे, छताकडे बघायचे. बायको म्हणाली, "आता नाटक पुरे झालं, गुडघे जातील." मी जात राहिलो. चक्की आली. मग शाळेची भिंत.

दहाव्या दिवशी खाली उतरलो तर मृणाल गेटपाशी उभी होती. केस वर बांधलेले, डोळे सुजलेले.

"मी तुझ्यासाठी आलेली नाही," ती म्हणाली.

"बरं."

"आणि तुझ्याशी बोलणार नाहीये."

"बरं."

"आणि मॅडमकडून तपासून आलेय. आजीचं, आईचं सगळं सांगितलं त्यांना." मग जरा थांबून, "तुला काही होत असेल तर लगेच बोलायचं. विनोद नाही करायचा."

"नाही करत."

आम्ही निघालो. हंसाबेन पुढे, मृणाल मधे, मी मागे, आमच्यात एका हातगाडीचं अंतर. चक्की गेली, भिंत गेली. देवळाच्या वळणावर चढ एकदम उभा होतो, तिथे समोरून अप्पाकाका येत होते, काकड आरती आटपून, हातात फुलांची परडी. ते रस्त्याच्या मधोमध थांबले. आधी मला बघितलं, मग तिला.

"मृणाल," ते म्हणाले, आणि आवाज चढवला नाही त्यांनी, म्हाताऱ्याचा आवाज खरं तर कापत होता. "आवशीचा काय झाला ता बघलंस मा? घराक जा, बाय माझी."

माझ्याकडे उत्तरं होती, ताई. दहा दिवस मी दुसरं काय करत होतो? तीन तयार होती, एकाहून एक झणझणीत. मी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. छातीचा भाता चालू होता, शब्दाला जागाच नव्हती.

मृणाल थांबली नाही. काकांच्या जवळून जाताना तिने त्यांच्या परडीवरून घसरणारं एक फूल परत आत टाकलं.

"बघितलं ना, आजोबा," ती म्हणाली. "म्हणूनच."

आणि वर गेली. काका माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी त्यांना हातानेच खूण केली, उतरताना बोलू, आणि तिच्या मागे चढायला लागलो.